झोप लागायला किती वेळ लागतो? चौदा रात्रींचा हिशोब



गटाच्या बैठकीत तब्येतीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक ताई म्हणते, "मला बाई झोपच लागत नाही." दुसरी म्हणते, "माझं तसं नाही. पाठ टेकली की पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत." पहिलीला आपण बिचारी म्हणतो आणि दुसरीला नशीबवान. पण हे दोन्ही शेरे पुष्कळदा चुकतात. कारण दोघींनीही काही मोजलेलं नसतं आणि आपणही नसतं.

"झोप लागत नाही" एवढंच घेऊन दवाखान्यात गेलं तर बहुतेक वेळा एकतर गोळी मिळते, नाहीतर "टेन्शन घेऊ नका" असं ऐकून परत यावं लागतं. हेच जर "गेल्या चौदा रात्रींपैकी नऊ रात्री मला झोप लागायला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागला" असं सांगितलं, तर समोरच्याला पुढचा प्रश्न विचारावा लागतो. गटात कर्ज मागताना आपण नुसतं "अडचण आहे" म्हणत नाही. किती पाहिजे, कशासाठी आणि कधी फेडणार, हे सांगतो. झोपेचंही तसंच आहे. हा हिशोब कसा ठेवायचा आणि त्यातून काय कळतं, ते या लेखात बघू.

नेमकं काय मोजायचं?

दिवा घालवला, मोबाइल बाजूला ठेवला, आता झोपायचं म्हणून डोळे मिटले. तिथपासून खरोखर डोळा लागेपर्यंत जेवढा वेळ गेला, तो आपल्याला मोजायचा आहे. डॉक्टर याला 'स्लीप लेटन्सी' म्हणतात. आपण 'झोप लागण्याचा वेळ' म्हणू.

तब्येतीनं ठीक असलेल्या मोठ्या माणसाला झोप लागायला साधारण १० ते २० मिनिटं लागतात. दोन-चार मिनिटं इकडं-तिकडं झाली तर काळजीचं कारण नाही. पण अर्ध्या तासाच्या वर वेळ जातो, आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री जातो, तीन महिने हेच चालू आहे आणि त्यामुळं दिवसाही त्रास होतो, असं असेल तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्यावर उपचार आहेत.

आता दुसऱ्या ताईकडं येऊ. रोजच पाठ टेकताच झोप लागणं म्हणजे चांगली झोप, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा झोपेची उधारी साठल्याचं लक्षण असतं. दोन दिवस उपाशी असलेला माणूस ताटावर तुटून पडला, तर त्याची भूक छान आहे असं आपण म्हणत नाही. तो उपाशी होता असं म्हणतो. झोपेचा नियम तोच आहे.

डोळा लागला हे कळतं कसं?

इथं एक गंमत आहे. झोप लागली त्या क्षणाची नोंद झोपणारी स्वतः करू शकत नाही. नोंद करायला जागी राहिली, तर झोप लागलेलीच नसते. शास्त्रज्ञांनाही आधी हाच प्रश्न पडला होता.

जुनी आणि सोपी एक युक्ती चमच्याची आहे. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात नथॅनिएल क्लाइटमन नावाचे शास्त्रज्ञ होते. झोपेवर आयुष्यभर काम केलेले. ही युक्ती त्यांच्या नावानं सांगितली जाते. खाटेवर आडवं व्हायचं, हातात स्टीलचा चमचा धरून हात खाटेच्या बाहेर सोडायचा आणि खाली जमिनीवर ताट ठेवायचं. सुरुवातीला घड्याळ बघून घ्यायचं. झोप लागली की बोटं सैल पडतात, चमचा ताटात खणकन पडतो आणि माणूस जागा होतो. परत घड्याळ बघायचं. मधला वेळ म्हणजे झोप लागण्याचा वेळ. दुपारच्या वेळी एकदा करून बघायला हरकत नाही, पण रोज रात्री करायचा हा प्रकार नव्हे. आपल्याला झोपायचं आहे, चमच्याची राखण करायची नाही.

खरं मोजमाप शक्य झालं ते मेंदूतल्या विजेच्या लहरी कागदावर उतरवता आल्यावर. जर्मनीतल्या हान्स बर्गर या डॉक्टरांनी माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा १९२४ साली टिपल्या आणि १९२९ साली जगापुढं मांडल्या. डोळे मिटून शांत पडलेल्या जाग्या माणसाच्या डोक्यात सेकंदाला ८ ते १३ लहरी उठतात. झोप लागताना त्या विरतात आणि जास्त संथ लहरी सुरू होतात. डोळ्यांची बुबुळं पापणीआड सावकाश फिरायला लागतात आणि हनुवटीचे स्नायू ढिले पडायला लागतात.

झोपेच्या तपासणीत डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला छोट्या तारा चिकटवतात. दुखत काही नाही. रात्रीचं सगळं रेकॉर्डिंग ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात. ज्या पहिल्या तुकड्यात अर्ध्याहून जास्त वेळ झोप दिसते, तिथं झोप लागली असं धरतात.

दिवसाची पेंग मोजायचीही रीत आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरी कार्स्काडन आणि विल्यम डिमेंट यांनी १९७० च्या दशकात ती बसवली. रात्रभर झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी अंधाऱ्या, शांत खोलीत झोपायला सांगतात. असं चार-पाच वेळा, दर वेळी २० मिनिटं. प्रत्येक वेळी झोप किती मिनिटांत लागली, याची सरासरी काढतात. ती ८ मिनिटं किंवा त्याहून कमी आली तर पेंग प्रमाणाबाहेर आहे असं समजतात. म्हणजे 'लगेच झोप लागते' याला डॉक्टर शाबासकी देत नाहीत, तपासणी करतात.

या तपासण्यांतून आणखी एक गोष्ट समजली. नुकतीच डोळा लागलेली व्यक्ती उठवली तर पुष्कळदा ती म्हणते, "मी जागीच होते." पहिली झोप इतकी पातळ असते की ती झोप वाटतच नाही. म्हणून एखादी ताई "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही" म्हणते, तेव्हा मशीनवर तिची दोन-चार तासांची झोप दिसू शकते. पण म्हणून ती खोटं बोलत नाही. तिला ती रात्र तशीच गेल्यासारखी वाटली आहे आणि तिचा त्रास खरा आहे. घरातल्यांनी "घोरत तर होतीस" म्हणून तिला हसू नये.

खेड्यातल्या बायांना कुणी विचारलं का?

विचारलं आहे आणि आपल्या महाराष्ट्रातच विचारलं आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक आहे, छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचं गाव. तिथं आणि आसपासच्या गावांत पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं संशोधन केंद्र लोकांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवतं. २००६-०७ मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या आठ देशांत पन्नाशीच्या पुढच्या लोकांची मोठी पाहणी झाली. भारतातून त्यात हा वढूचा भाग होता. एकूण २४,४३४ बाया आणि १९,५०१ पुरुष. त्यांच्या झोपेविषयीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले.

शंभरातल्या साधारण १७ जणांनी झोपेचा तीव्र त्रास सांगितला. देशादेशांत फरक मोठा होता. कुठं शंभरात चारच जण, तर बांगलादेशातल्या मतलबमध्ये चाळीसहून जास्त. पण एक गोष्ट सगळीकडं सारखी निघाली. बायांना त्रास जास्त आणि वय वाढेल तसा जास्त.

त्या पाहणीत विचारलेला प्रश्न साधारण असा होता: गेल्या तीस दिवसांत झोप लागायला, मध्ये मध्ये जाग येण्याचा किंवा पहाटे फार लवकर जाग येण्याचा त्रास किती झाला? हजारो लोकांना विचारायला हा प्रश्न सोयीचा आहे. पण बघा, त्यात तीन वेगवेगळे त्रास एका पोत्यात भरले आहेत. एकीला झोप लागत नाही, दुसरीची टिकत नाही, तिसरीची लवकर मोडते. तिघींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. तुमचं पोतं कुठलं, हे तुमच्या घरच्या वहीतूनच निघेल.

दुसरी पाहणी चेन्नईची. तिथं अर्थशास्त्रज्ञांनी कमी उत्पन्नाच्या ४५२ लोकांच्या मनगटावर हालचाल टिपणारं यंत्र बांधलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास सांगतो की ही माणसं रात्री साधारण ८ तास अंथरुणावर असायची, पण झोप होती साडेपाच तासांची. रात्रीत सरासरी ३२ वेळा झोप मोडायची. उकाडा, डास, गोंगाट, चिंता. काही जणांना सल्ला आणि गादी, पंखा, कानातले बोळे अशी साधनं दिली. त्यानं झोप रोज २७ मिनिटांनी वाढली, पण कामात किंवा तब्येतीत फारसा फरक पडला नाही. तुकड्या-तुकड्यांची झोप थोडी लांबवून भागत नाही. मात्र दुपारी अर्धा तास शांतपणे झोपायला मिळालं, त्यांचं लक्ष, काम आणि मन तिन्ही सुधारलं. दुपारी बाई आडवी झाली की तिला आळशी म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

आपली वही

तारा आणि मशीन आपल्याकडं नाही आणि बहुतेकींना त्याची गरजही नाही. जगभरातले झोपेचे डॉक्टर सुरुवात वहीनंच करतात. गटाच्या हिशोबाची सवय असलेल्या बाईला ही वही अवघड नाही. मुलांच्या जुन्या वहीची दोन पानं पुरतात. लिहिता येत नसेल तर घरातली लेक लिहील.

रोज सकाळी, चहा झाल्यावर, सहा गोष्टी लिहायच्या:

१. काल झोपायचं म्हणून डोळे किती वाजता मिटले. (अंथरुणावर बसून मोबाइल बघितला तो वेळ यात धरायचा नाही.)
२. झोप लागायला अंदाजे किती मिनिटं लागली.
३. मध्ये किती वेळा जाग आली आणि सगळं मिळून किती वेळ जागी होते.
४. सकाळी शेवटची जाग किती वाजता आली, अंथरूण किती वाजता सोडलं.
५. काल दुपारनंतर चहा, मिश्री किंवा तंबाखू, औषधगोळी काय घेतलं. दुपारी झोपले का.
६. काल काही विशेष: हप्ता, भांडण, पाहुणे, लेकरू आजारी, पाळी, रात्रीचं पाणी.

एक नियम कडक पाळायचा. रात्री घड्याळ बघायचं नाही. मोबाइल उशाशी ठेवू नका, भिंतीवरचं घड्याळ समोर असेल तर कूस बदला. "साडेअकरा झाले, आता बारा झाले, सकाळी पाचला उठायचंय" हा हिशोब सुरू झाला की येणारी झोपही पळते. अंदाज चुकला तरी चालेल. पाच, पंधरा, तीस, साठ, एवढं ढोबळ पुरे. चौदा रात्रींत चित्र स्पष्ट होतं.

हातातल्या घड्याळावर झोप मोजणारी मुलं घरोघरी आहेत. ती घड्याळं मुख्यतः हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतात. बाई न हलता छताकडं बघत पडली असेल तर घड्याळ तिला झोपलेली समजू शकतं. म्हणून झोप लागण्याच्या वेळेबाबत त्याच्यावर फार विसंबू नका.

समजा, एका ताईच्या वहीत सोमवारपासून रविवारपर्यंत झोप लागायला लागलेली मिनिटं अशी आहेत: २०, ४५, ६०, १५, ५०, ४०, ५०. बेरीज २८०, सातानं भागलं तर सरासरी ४०. सात रात्रींपैकी पाच रात्री तीसच्या वर. आता शेवटचा रकाना बघू. बुधवारी ६० मिनिटं लागली, कारण गुरुवारी हप्ता होता. गुरुवारी हप्ता भरला आणि रात्री १५ मिनिटांत झोप लागली. नुसतं "झोप लागत नाही" म्हटलं असतं तर हे दिसलंच नसतं.

पुढचा हिशोब असा. ही ताई रात्री साडेदहाला डोळे मिटते आणि पाचला उठते. म्हणजे साडेसहा तास, ३९० मिनिटं. त्यातली ४० झोप लागण्यात गेली, ५० मधल्या जागरणात. उरली ३००, म्हणजे पाच तास. अंथरुणावरच्या शंभर मिनिटांपैकी ७७ मिनिटंच झोपेच्या कामी आली. डॉक्टर साधारण ८५ च्या वर असेल तर बरं मानतात. आणि मोठ्या माणसाला रोज निदान सात तास झोप हवी. या ताईला दोन्ही बाजूंनी तूट आहे.

वही काय सांगते?

चौदा रात्रींनंतर बहुतेकींचं पान पुढच्यापैकी एका प्रकारात बसतं.

झोप लागायलाच उशीर. आधी पाचवा रकाना बघा. चहातल्या कॅफीनचा अंमल अर्धा उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सहाच्या चहाचा अर्धा अंमल अकरा वाजताही असतो. मिश्री आणि तंबाखूतलं निकोटीनही झोप उडवतं. 'मिश्री लावल्याशिवाय झोप येत नाही' असं वाटतं ते तलफेमुळं. आडवं झाल्यावर पोटऱ्यांत ओढ लागते, मुंग्या येतात, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं होत असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्या. लोह कमी असण्याचा या त्रासाशी संबंध आहे, आणि राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं आहे. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घरात उशीर होतो तो वेगळा. झोप लागायला अंगाचं तापमान थोडं उतरावं लागतं आणि पत्रा ते उतरू देत नाही.

झोप लगेच, पण दिवसभर पेंग. पाच मिनिटांच्या आत झोप लागते आणि अंथरुणावरचे तासच पाच-साडेपाच आहेत, तर हा निद्रानाश नाही. झोपायला वेळच मिळालेला नाही. पहाटे तीनला उठून जाधववाडीत माल घेऊन, औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात बसणारी बाई, ऊसतोडीला गेलेली, रात्री गाडी भरायला उठणारी बाई, किंवा शहरात कित्येक दिवसांआड नळाला रात्री-अपरात्री येणारं पाणी भरणारी बाई, यांना झोपेची गोळी देऊन काय होणार? गोळी तास वाढवत नाही. हा घरातल्या कामाच्या वाटणीचा प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटं, असं निघालं. तुमच्या वहीतली तूट पुष्कळदा याच फरकातून येते.

तास पुरेसे असूनही पेंग येत असेल आणि घरचे म्हणत असतील की तुम्ही मोठ्यानं घोरता, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. हा आजार पुरुषांचा असं समजू नका. मुंबईत घोरण्यावर झालेली आणि २००४ साली प्रसिद्ध झालेली एक नावाजलेली पाहणी २५० पुरुषांचीच होती. बायांचं घोरणं त्यात मोजलंच नव्हतं. मोजलं नाही म्हणजे नसतं असं नाही. आणि अशी पेंग असताना कडबाकुट्टीवर हात घालू नका, गाडी चालवू नका. डुलकीला एक क्षण पुरतो.

झोप लागते, पण मोडते. कारणं शोधा. लघवीला वारंवार उठावं लागतं का? साखर तपासा. पाळी जायच्या वयात अंगातून वाफा निघून घाम फुटतो का? त्यावर सल्ला मिळतो. पहाटे तीन-चारलाच जाग येते, मन उदास, कशातच रस नाही, असं दोन आठवडे चालू असेल तर तो मनाचा आजार असू शकतो आणि तो बरा होतो. तान्ही लेकरं असलेल्या आयांनी मात्र ही वही मनाला लावून घेऊ नये. त्यांची झोप बाळ मोडतं. त्यांना वहीपेक्षा मदतीचा हात लागतो.

गोळीच्या आधी

२०१६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेनं सांगितलं की जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नसून सवयी आणि विचार बदलण्याची उपचारपद्धत हा असावा. तिच्यातला एक मुख्य भाग रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडला. घरी करता येईल तो असा:

झोप येत असेल तेव्हाच आडवं व्हा. साधारण वीस मिनिटं गेली असं वाटलं आणि झोप नाही, तर तळमळत पडू नका, उठा. घर एकाच खोलीचं असेल आणि सगळे झोपलेले असतील तर भिंतीला टेकून अंधारात बसा. शेंगा फोडा, वाती वळा, नामस्मरण करा. मोबाइल नको. पेंग आली की परत आडवं व्हा. अंथरूण म्हणजे तळमळ, ही मनाची गाठ यातून सुटते. सकाळी रोज एकाच वेळी उठा, रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीनच्या आत.

काळजीनं झोप येत नसेल तर झोपायच्या आधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहून काढा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर हा प्रयोग झाला. उद्याची कामं लिहिणाऱ्यांना झोप साधारण नऊ मिनिटं लवकर लागली, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा. डोक्यातलं कागदावर उतरलं की डोकं राखण करायचं थांबवतं. झोपायच्या तास-दोन तास आधी कोमट पाण्यानं अंघोळ केली किंवा नुसते पाय धुतले तरी फायदा होतो. हातापायांकडं रक्त जातं आणि आतलं तापमान उतरतं.

झोपेची गोळी शेजारणीकडून किंवा दुकानातून मागून घेऊ नका. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं मनाई आहे, कारण त्यांची सवय लागते. आणि ज्या ताई आधीपासून घेतात, त्यांनी हा लेख वाचून एकदम बंद करू नयेत. अचानक बंद केल्यानं त्रास होतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात.

गटानं काय करायचं?

वही जिची तिची खाजगी. ती बैठकीत मोठ्यानं वाचायची नाही, "तुझी किती, माझी किती" अशी शर्यत लावायची नाही. पण ज्यांना सांगायचं आहे त्यांचं ऐकून घ्या. हप्त्याच्या आधी चार-चार रात्री जागणारी ताई गटात असेल तर तिचा हप्ता पुढं-मागं करता येतो का, हे ठरवणं गटाच्या हातात आहे. घरातल्या भीतीनं जिचा डोळा लागत नाही, तिला एकटं सोडू नका. महिला हेल्पलाइन १८१ तिच्यासाठी आहे.

चौदा रात्रींची वही घेऊन आधी आशाताई किंवा आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. रक्त, साखर, रक्तदाब तिथं बघता येतं. पुढं गरज लागली तर शहरात घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. 'मनोविकार' हा शब्द बघून घाबरू नका. झोपेच्या तक्रारीही तिथं बघतात. औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेत कामासाठी येणाऱ्या ताईंनी त्याच फेरीत घाटीचं काम उरकलं तर एक दिवस वाचतो. ओपीडी सकाळची असते म्हणून आधी घाटी, मग कार्यालय. जायला जमत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नको असे विचार येत असतील तर वहीची वाट न बघता आजच फोन करा.

वही आज रात्रीनंतर, उद्या सकाळी सुरू करा. पहिल्या पानावर तारीख टाका आणि चौदाव्या सकाळी तीन आकडे काढा: तीसच्या वर किती रात्री गेल्या, पाचच्या आत किती रात्री झोप लागली, आणि रोज सरासरी किती तास झोप झाली. दवाखान्यात गेल्यावर "झोप लागत नाही" म्हणण्याआधी हे तीन आकडे सांगा.